गडचिरोली काय वाईट होती?

दर रविवारी नागपूरला फोन लावला की धरमपेठेतले काका आईकडून फोन मागून घेतात आणि तेच विचारतात: ‘जाफन्याला जाऊन काय करणार आहेस तू? गडचिरोली काय वाईट होती?’

प्रश्न खोचक असला तरी खोटा नाही. नक्षलवाद्यांचे सुरुंग गडचिरोलीतही फुटलेत; 1 मे 2019 ला जांभुळखेड्याजवळ 15 पोलीस गेले. मी मात्र नागपूरच्या मेडिकल कॉलेजातून फिजिओथेरपी करून थेट मँचेस्टर गाठलं. (काकाही गडचिरोलीला एकदाच गेलेत, मार्कंड्याच्या जत्रेला.) आता तीन महिन्यांची बिनपगारी रजा काढून उत्तर श्रीलंकेत, जाफन्याच्या कृत्रिम पायांच्या केंद्रावर निघालेय.

लस, व्हिसा ही तयारी आठवड्यात उरकली. तिथलं सरकार आणि तमिळ वाघांमधलं युद्ध मे 2009 मध्ये संपलं, पण सुरुंगात पाय गेलेल्यांचा कृत्रिम पाय काही वर्षांत झिजतो, मांडीचा आकार बदलतो, पुन्हा माप घ्यावं लागतं. इथले माझे पेशंट बूट घालतात, खुर्चीत बसतात. तिथली बाई अनवाणी भाताच्या बांधीत उतरणार, चुलीपुढे उकिडवी बसणार. जयपूर फूट हा कृत्रिम पाय त्यासाठीच घडवला गेला. म्हणजे इथल्या बारा वर्षांपेक्षा मेडिकलच्या वॉर्डातली वर्षंच कामी येणार. हे कबूल करायला जड गेलं.

त्याहून जड इतिहास. काका म्हणतात, ‘आपण तर तिथल्या तमिळांसाठी फौज पाठवली होती.’ पाठवली होती, 1987 मध्ये. हजाराहून जास्त जवान परत आले नाहीत. आणि त्याच वर्षी 21 ऑक्टोबरला जाफन्याच्या हॉस्पिटलात भारतीय सैन्याच्या कारवाईत पेशंट, डॉक्टर, नर्स मारले गेले. त्याच गावात मी ‘इंडियाची आहे’ म्हणत लोकांच्या पायांना हात लावणार. नागपूरच्या शाळेत यातलं काही कानावर आलं नाही. मँचेस्टरच्या एका तमिळ सहकारी बाईंनी सांगितलं, तेही मी खोदून विचारल्यावर.

त्यांनीच पहिलं वाक्य शिकवलं: ‘वलिक्कुदा?’ दुखतंय का? विचारता येतं, उत्तर कळण्यापुरतं तमिळ रोज रात्री घोकते.

जाफन्यात कारागीर, डॉक्टर त्यांचेच आहेत, मला तीन महिने हाताखाली बोलावलंय. गडचिरोलीला गोंडी शिकून वर्षानुवर्षं राहणारं माणूस लागतं. तेवढी माझी तयारी नाही. गेल्या रविवारी काकांना हे सरळ सांगून टाकलं.

ते जरा थांबले. मग म्हणाले, ‘बरं, मग नागपूरला कधी येऊन राहिली?’