सॅडलबॅगेची ओळखपरेड

गेल्या रविवारी सकाळी सात वाजता ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर, पातलीपाड्याच्या आसपास, माझ्या मोटारसायकलीच्या सीटच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या सॅडलबॅगांपैकी डावी बॅग गाडी सोडून गेली, आणि गाडी उजवीकडे का ओढते आहे असा विचार मी थेट ओवळ्यापर्यंत करत राहिलो. सासुरवाडी वसईला. पत्नी आदल्या दिवशी रेल्वेने पुढे गेली होती आणि जाताना दोन्ही बॅगा स्वतः भरून, 'नीट बांधा' एवढेच सांगून गेली होती.

मी नीट बांधल्या होत्या असे माझे अजूनही म्हणणे आहे. जड सामान तळाशी ठेवावे, दोन्ही बाजूंचे वजन सारखे असावे, जोडपट्टे सीटवरून न टाकता सीट उचलून तिच्याखालून घ्यावेत आणि दहा-पंधरा किलोमीटर गेल्यावर थांबून ते पुन्हा आवळावेत, हे मीच इतरांना सांगत असतो. बॅगेने मात्र तेवढे किलोमीटर वाट पाहिली नाही. सीटचे कुलूप गंजल्यामुळे पट्टे वरूनच टाकले होते, रात्रीच्या पावसात भिजलेले नायलॉन सैल पडले होते आणि बॅगेचा खालचा भाग साडी गार्डला धरून ठेवणारा बंजीचा, म्हणजे ताणल्या जाणाऱ्या रबरी दोरीचा, आकडा कोणत्या तरी खड्ड्यात निसटला. कोणत्या, हे सांगणे अवघड आहे. मेट्रोच्या खांबांखालून जाणाऱ्या या रस्त्यावर खड्ड्यांना निदान क्रमांक तरी द्यायला हवेत; कर भरणाऱ्या माणसाला आपले नुकसान नेमके कुठे झाले, हे कळण्याचा तरी हक्क असावा.

परत आलो तेव्हा सेवारस्त्याच्या कडेला, पांढरी अर्धी चड्डी घातलेले, साधारण सत्तरीचे एक गृहस्थ माझ्या बॅगेवर छत्रीचे टोक रोवून उभे होते. पडलेली वस्तू कोणी उचलून सांभाळली याचा आनंद मला जेमतेम अर्धा मिनिट झाला.

"काका, ती बॅग माझी आहे."

"कशावरून?"

मी गाडीकडे बोट दाखवले. उजव्या बाजूला हुबेहूब तशीच बॅग लटकत होती.

"हा योगायोग असू शकतो," ते म्हणाले. "अशा बॅगा आजकाल सगळेच लावतात. आत काय आहे ते सांगा."

"कपडे आहेत."

"कपडे सगळ्यांच्याच बॅगेत असतात. कोणते कपडे?"

बॅग मी भरलेली नाही, हे खरे कारण सांगणे म्हणजे चोरीची कबुली देण्यासारखे होते. मी अंदाजाने टॉवेल आणि बनियन सांगितले. काकांनी सावकाश चेन उघडली, हात घातला आणि सायकलवरचा इडलीवाला, एक रिक्षाचालक व फिरायला निघालेल्या दोन बायका यांच्या समक्ष एक लांबरुंद, फिकट निळा परकर बाहेर काढून छत्रीवर धरला.

"हा तुमचा?"

"सासूबाईंचा असावा."

"असावा?"

इडलीवाल्याने मान खाली घातली, पण तो गेला नाही. त्यानंतर लोणच्याची बरणी निघाली. ते कैरीचे आहे असे मी म्हणालो, तर झाकण उघडून काकांनी ते लिंबाचे असल्याचे सर्वांना दाखवले. मग गुडघ्याच्या तेलाची बाटली आली आणि त्या दोघींपैकी एकीने तिची किंमतही विचारली. येथे नमूद केले पाहिजे की, मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारे संरक्षण हवे, असे केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील 123 वा नियम सांगतो. म्हणजे गाडीवर होता तोपर्यंत तो परकर कायद्याच्या संरक्षणाखाली होता. तो छत्रीवर गेल्यानंतरची तरतूद कोणत्याही नियमात नाही.

अखेर बॅगेच्या तळाशी माझ्या नावाची औषधाची चिठ्ठी सापडली. काकांनी ती मोठ्याने वाचली, आजारासकट. 'बॅग मिळाली, तक्रार नाही' असे तिच्याच मागे लिहून मी सही केली आणि ती चिठ्ठी त्यांनी स्वतःच्या खिशात घातली. आभार मी मानले. ते मानताना दात आवळलेले होते, हे कोणाच्या लक्षात आले नसावे.

हा सोहळा पाहत थांबलेल्या दूधवाल्याच्या मोटारसायकलीला दोन्ही बाजूंना दुधाचे भरलेले कॅन होते आणि ते सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी बांधलेले होते. त्याने काही न विचारता तशीच एक पट्टी काढली, बॅगेच्या कडीतून आणि साडी गार्डमधून दोन वेढे घेऊन गाठ मारली, पैसे नाकारले आणि तो निघून गेला. बावीसशे रुपयांच्या बॅगांबरोबर आलेल्या बकलांकडे त्याने पाहिलेसुद्धा नाही. ती गाठ वसईला मला विळीने कापावी लागली.

मी गाडी सुरू केली तेव्हा काकांनी छत्रीने उजवीकडची बॅग टोचून विचारले, "आणि ही? ही तरी तुमचीच आहे ना?"

मी उत्तर दिले नाही. वरसावे पुलाजवळ जळका वास आला म्हणून उतरून पाहिले, तर ती बॅग सायलेन्सरला टेकून तिला हाताएवढे भोक पडले होते आणि त्यातून माझी इस्त्रीची पँट दिसत होती. आत काय आहे, हे आता कोणालाही विचारावे लागले नसते.