टीसीई शून्य आला म्हणजे पाणी शुद्ध झालं?

दूषित भूजलाबद्दल एक दावा सारखा पुढे पाठवला जातो: "बोअरमध्ये जिवाणूंचं कोणतंही कल्चर (वाढवलेल्या जिवाणूंचं द्रावण) ओता, हवेचा पंप लावा. जिवाणू ट्रायक्लोरोइथिलीन (टीसीई, कारखान्यांतलं क्लोरीनयुक्त द्रावक) खाऊन टाकतात. टीसीई शून्य आला की पाणी पिण्याजोगं." यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात घातक आहे.

"खाऊन टाकतात." हे काम तडीस नेणारे डिहॅलोकोकॉइड्स नावाचे जिवाणू टीसीई खात नाहीत. आपण ऑक्सिजनवर श्वसन करतो, तसं ते क्लोरीनयुक्त रेणूंवर करतात. त्यांना ऊर्जेसाठी हायड्रोजन लागतो. म्हणून जमिनीत लॅक्टेट किंवा खाद्यतेलाचं इमल्शन सोडतात. दुसरे जिवाणू ते आंबवतात आणि हायड्रोजन सुटतो.

"हवेचा पंप लावा." ऑक्सिजन लागला की डिहॅलोकोकॉइड्स निकामी होतात. आधी लॅक्टेट सोडून विरघळलेला ऑक्सिजन संपवायचा, रेडॉक्स (पाणी किती ऑक्सिजनविरहित झालं याचं विद्युत माप) उणे 100 मिलिव्होल्टच्या खाली गेल्याचं तपासायचं, मगच कल्चर, तेही नायट्रोजनच्या दाबाने बंद नळीतून. आंबवण्यात आम्ल तयार होतं. सामू (पीएच) 6 च्या खाली घसरला की काम थांबतं, तेव्हा सोडियम बायकार्बोनेट द्यावं लागतं. मिथेनवर वाढणारे काही जिवाणू हवेतही टीसीई मोडतात, पण ती पद्धत वेगळी.

"टीसीई शून्य, पाणी शुद्ध." क्लोरीन एकेक करून सुटतो: टीसीईपासून सिस-डीसीई (सिस-डायक्लोरोइथिलीन), त्यापासून व्हिनाइल क्लोराइड, शेवटी निरुपद्रवी इथीन. लिटरमागे 1000 मायक्रोग्रॅम टीसीई असेल आणि साखळी व्हिनाइल क्लोराइडवर अडकली, तर त्याचे सुमारे 475 मायक्रोग्रॅम उरतात. हा माणसात कर्करोग घडवणारा सिद्ध पदार्थ. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात टीसीईची मर्यादा लिटरमागे 5 मायक्रोग्रॅम आहे, व्हिनाइल क्लोराइडची फक्त 2. रिपोर्टात टीसीई शून्य, आणि पाणी आधीपेक्षा विषारी!

"कोणतंही कल्चर चालतं." टेक्सासमधल्या केली हवाई तळावर आधी लॅक्टेटसारखंच खाद्य म्हणून मिथेनॉल आणि अ‍ॅसिटेट दिलं, तेव्हा तिथल्या मूळ जिवाणूंचं काम सिस-डीसीईपाशीच अडलं. मग केबी-1 हे डिहॅलोकोकॉइड्स असलेलं कल्चर सोडलं, अवघं 13 लिटर. व्हिनाइल क्लोराइड दिसायलाच 52 दिवस लागले. 200 दिवसांच्या आत टीसीई आणि सिस-डीसीई 5 मायक्रोग्रॅमच्या खाली आले आणि घटलेल्या क्लोरीनयुक्त द्रव्याचा हिशेब इथीनमध्ये लागला.

म्हणून प्रयोगशाळेत नमुना देताना टीसीईसोबत सिस-डीसीई, व्हिनाइल क्लोराइड आणि इथीन, चारही मोजायला सांगा. आकडे मायक्रोमोलमध्ये (रेणूंच्या संख्येचं एकक) बदलून बेरीज करा, म्हणजे टीसीईचे रेणू कशात बदलले ते कळतं. टीसीई घटला पण इथीन वाढत नसेल, तर पाण्यात व्हीसीआरए जनुक आहे का ते तपासून घ्या. व्हिनाइल क्लोराइड मोडणाऱ्या जिवाणूंची ही एक खूण.