तेरा दिवस, तीन आठवडे आणि एक बेजबाबदार फॉरवर्ड

‘हुकूमशहा हटवायचा तर सैन्य पाठवा, बाकी सगळी बडबड’ असा एक लांबलचक मजकूर सध्या नाशिकमधल्या ग्रुपांवर फिरतोय. त्यातले मुद्दे असे: एकाहत्तरात बांगलादेशच्या युद्धात आपण तेरा दिवसांत काम फत्ते केलं, सद्दामला हटवायला अमेरिकेला इराकमध्ये तीन आठवडे पुरले, संयुक्त राष्ट्रांची परवानगी म्हणजे नुसते कागदी घोडे, लिबियाच्या वेळी भारताने कणा दाखवला नाही, आणि अशा युद्धाला विरोध करणारे हुकूमशहाचे भाट. एसएसबीची, म्हणजे लष्करी अधिकारी निवडीच्या चाचणीची, तयारी करणाऱ्या माझ्या भाचीला तो ‘गटचर्चेचे तयार मुद्दे’ म्हणून आला. उद्या ज्यांना जवानांचं नेतृत्व करायचंय, त्यांनी हे पाठ करायचं? म्हणून एकेक मुद्दा घेतो.

तेरा दिवस हा फक्त ३ ते १६ डिसेंबरच्या लढाईचा हिशेब आहे. ढाक्यातली पाकिस्तानी सैन्याने केलेली कत्तल २५ मार्च १९७१च्या रात्री सुरू झाली. मधल्या आठ महिन्यांत सुमारे एक कोटी निर्वासित आपल्याकडे आले, मुक्तिवाहिनीला प्रशिक्षण दिलं गेलं, ऑगस्टमध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला, पावसाळा ओसरू दिला. ३ डिसेंबरला आपल्या विमानतळांवर आधी बॉम्ब टाकले ते पाकिस्तानने. आणि मुख्य म्हणजे, सत्ता हाती घ्यायला निवडून आलेली माणसं तयार होती. १९७०च्या निवडणुकीत पूर्व पाकिस्तानातल्या जवळपास सगळ्या जागा अवामी लीगने जिंकल्या होत्या. त्या पक्षाचे नेते मुजीब जानेवारीत परतले आणि मार्च १९७२ मध्ये आपलं सैन्य माघारी आलं. ती कारवाई न्याय्य होती, यात मला शंका नाही. पण ती न्याय्य ठरली ती या सगळ्यामुळे, तेरा दिवसांमुळे नव्हे.

इराकचा मुद्दा सर्वांत घातक. बगदाद ९ एप्रिल २००३ला पडलं, इथे मजकूर थांबतो. खरी वाट लागली ती त्यानंतर. अमेरिकेने तिथे नेमलेल्या प्रशासनाच्या १६ मेच्या पहिल्या आदेशाने सद्दामच्या बाथ पक्षाच्या वरच्या चार श्रेणींतल्या लोकांना सरकारी नोकरीतून काढलं. नोकरी टिकवायची म्हणून पक्षात गेलेले शिक्षक, डॉक्टर, अभियंतेही त्यात गेले. २३ मेच्या दुसऱ्या आदेशाने सैन्यच बरखास्त केलं. सुमारे चार लाख माणसं एका सहीने घरी बसली; हत्यार चालवता येतं, पगार बंद, आणि दारूगोळ्याच्या कोठारांवर पहारा नाही. त्या कोठारांतले तोफगोळे पुढे रस्त्याकडेला बॉम्ब म्हणून पुरलेले सापडू लागले. देवळालीच्या तोफखान्यात काम केलेल्या कुणालाही विचारा, राखण नसलेलं कोठार म्हणजे काय.

पहारा का नव्हता? माणसंच नव्हती. बंदोबस्ताचा एक जुना ठोकताळा आहे: दर हजार लोकसंख्येमागे वीस जवान. इराकची लोकसंख्या तेव्हा अडीच कोटींच्या आसपास, म्हणजे पाच लाख जवान हवेत. अमेरिकेचे होते दीड लाखाच्या घरात. २०११च्या जनगणनेत नाशिक महापालिकेची लोकसंख्या जवळपास १५ लाख होती. त्या हिशेबाने पंचवटी ते सातपूर एवढं एक शहर सांभाळायलाच तीस हजार लागतील. त्यात वीज उपकेंद्रं, पाण्याच्या टाक्या, इस्पितळं, नाके, रात्रीची गस्त. एक तुकडी कामावर असते तेव्हा दुसरी विश्रांतीला आणि तिसरी तयारीत लागते, म्हणजे आकडा आणखी फुगतो. पुढे आयसिसच्या नेतृत्वात सद्दामच्या सैन्यातले बरेच जुने अधिकारी होते. २०१४ मध्ये मोसूल त्यांच्या हाती गेलं आणि तिथे पोट भरायला गेलेले आपले ३९ कामगार मारले गेले. ‘तीन आठवड्यांत संपलं’ असं त्यांच्या घरच्यांना कुणी सांगावं?

कागदी घोड्यांबद्दल थोडं खरं आहे, ते मान्य करावं लागतं. ७ डिसेंबर १९७१ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १०४ विरुद्ध ११ मतांनी युद्धबंदी आणि सैन्यमाघारीचा ठराव केला. तो मानला असता तर बांगलादेश तेव्हा झाला नसता. व्हिएतनामने १९७९ मध्ये कंबोडियाचा हुकूमशहा पोल पॉटची राजवट संपवली, तरी संयुक्त राष्ट्रांतली कंबोडियाची जागा पुढे कित्येक वर्षं त्याच्याच बाजूकडे राहिली. म्हणजे परवानगी हा नीतीचा पुरावा नाही. पण परवानगीच नको म्हटलं, की ज्याच्याकडे विमानं जास्त तो ठरवणार. अमेरिकेने हल्ल्यासाठी इराकमधल्या ज्या महासंहारक शस्त्रसाठ्यांचं कारण सांगितलं, ते सापडले नाहीत.

लिबियाच्या वेळी लष्करी कारवाईला मुभा देणाऱ्या सुरक्षा परिषदेच्या १७ मार्च २०११च्या १९७३ क्रमांकाच्या ठरावावर भारतासह पाच देश तटस्थ राहिले. जमिनीवरच्या परिस्थितीची खात्रीलायक माहिती फारच कमी आहे, हे भारताने तेव्हाच सांगितलं होतं. ब्रिटिश संसदेने मात्र ५५७ विरुद्ध १३ मतांनी कारवाईला पाठिंबा दिला. त्याच संसदेच्या परराष्ट्र व्यवहार समितीचा सप्टेंबर २०१६चा अहवाल वाचावा: नागरिकांवरचा धोका फुगवून मांडला गेला, बंडखोरांतले कट्टरपंथी ओळखले नाहीत, नागरिकांचं संरक्षण म्हणून सुरू झालेली मोहीम सत्ताबदलाकडे वळली, आणि लिबियाचा हुकूमशहा गद्दाफीनंतर काय याची योजनाच नव्हती. युद्धाच्या बाजूने कौल देणाऱ्या सभागृहाच्याच समितीने हे लिहिलंय. मग कणा नव्हता कुणाकडे?

राहिले ‘भाट’. फेब्रुवारी २००३ मध्ये, हल्ल्याच्या महिनाभर आधी, इराक सांभाळायला काही लाख सैनिक लागतील असं अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे सांगणारे एरिक शिन्सेकी अमेरिकेचे लष्करप्रमुख होते. दोनच दिवसांत संरक्षण खात्याच्या उपमंत्र्यांनी तो अंदाज जाहीरपणे उडवून लावला. मग त्यांनाही भाट म्हणायचं?