आवाज खटकतो म्हणजे नेमकं काय खटकतं?

गेल्या शनिवारी रात्री आमच्याकडे सगळे मॅच बघायला जमले होते. प्रीमियर लीगची, म्हणजे इंग्लंडमधल्या फुटबॉलची. खाली सतरंजी, मधे भडंगाचं पातेलं, चहा, सगळं नेहमीसारखं. दहा मिनिटं झाली असतील नसतील, माझ्या मावसभावानं रिमोट उचलला आणि आवाज बंद केला. का, तर कॉमेंट्रीला बाई होती. "डोकं उठतंय त्या आवाजानं. नुसती बघूया," म्हणाला. कुणी काही बोललं नाही. मीही बोलले नाही. ती रुखरुख आठवडाभर जाईना, म्हणून हे लिहितेय.

थोड्या वेळानं गोल झाला. डावीकडून क्रॉस आला, गोलसमोरच्या गर्दीत कुणाच्या तरी पायाला लागून बॉल आत गेला. "कुणी मारला रे?" एकानं विचारलं. कुणालाच सांगता येईना. जिला ते ठाऊक होतं तिचं तोंड आम्ही बंद करून ठेवलं होतं.

मी कोल्हापूरची. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, प्रॅक्टिस ही तिथल्या फुटबॉल टीमची नावं मला पाढ्यांच्या आधी पाठ झाली. बाबांच्या स्कूटरवर पुढं उभी राहून शाहू स्टेडियमला जायचे. तिथं बसून खेळाडू चालीवरून ओळखायला शिकले, कारण तिकडून पाठीवरचा नंबर दिसायचाच नाही. त्यामुळे 'बायकांना फुटबॉलमधलं काय कळतं' या प्रश्नाला उत्तर द्यायची मला कधी गरज वाटली नाही. पण आवाजाचं मात्र बोलायचंय, कारण आजकाल सगळे तेच पुढं करतात. "बाई आहे म्हणून नाही गं, आवाज खटकतो."

२० जून २०१८. मॉस्कोचं लुझनिकी स्टेडियम, पोर्तुगाल विरुद्ध मोरोक्को. बीबीसीच्या माइकवर विकी स्पार्क्स. ब्रिटिश टीव्हीवर वर्ल्ड कपच्या मॅचची थेट कॉमेंट्री करणारी ती पहिली बाई. आणि चौथ्याच मिनिटाला रोनाल्डोनं हेडर मारला, गोल. आयुष्यातली एवढी मोठी मॅच, अजून आवाजही नीट तापलेला नसेल, आणि समोर थेट रोनाल्डोचा गोल! तिनं तो सांगितला, पुढची सगळी मॅच सांगितली. निकाल तोच राहिला, १-०. त्यानंतर चेल्सीचा एक जुना खेळाडू, जेसन कंडी, टीव्हीवर म्हणाला की नव्वद मिनिटं तो वरच्या पट्टीतला आवाज ऐकायला आपल्याला आवडत नाही, नाट्यमय क्षणाला जरा खालचा आवाज लागतो. पुढं त्यानं माफी मागितली. पण माझा मावसभाऊ इतक्या वर्षांनंतरही तेच म्हणतोय, कंडीचं नावही न ऐकता.

नाट्यमय क्षणाला खालचा आवाज? १३ मे २०१२ ची क्लिप काढा. मँचेस्टर सिटी विरुद्ध क्यूपीआर, भरपाईचा वेळ चाललेला, अग्वेरोचा गोल, ४४ वर्षांनी सिटीला लीगचं विजेतेपद. कॉमेंटेटर मार्टिन टायलरनं त्या क्षणाला जी आरोळी ठोकली ती आमच्या घरात प्रत्येकाला तोंडपाठ आहे. डोळे मिटून ऐका. तो आवाज खालचा आहे? तो टिपेला गेलाय, फाटलाय, आणि म्हणून तर अंगावर काटा येतो. बोलताना पुरुषाचा आवाज साधारण ११०-१२० हर्ट्झला असतो, बाईचा २०० च्या आसपास. पण गोल झाल्यावर पुरुषही तिथंच जाऊन पोचतो, कधी त्याच्याही वर. आपल्याकडे तर टिपेच्या आवाजाचं कौतुकच आहे. शाहीर पोवाड्यात वरची पट्टी लावतो तेव्हा ऊर भरून येतो, कुणाचं डोकं उठत नाही.

म्हणजे पट्टी खटकत नाही. बाईचा आवाज तिथून येतोय याची कानाला सवय नाही, एवढंच आहे. माझ्या याच मावसभावाला क्रिकेटमध्ये ईशा गुहा चालते, अंजुम चोप्रा चालते. तिथं तो रिमोटकडे हातही नेत नाही. कारण तिथं ऐकून ऐकून कान तयार झालेत. क्रिकेटमध्ये ही वाट आपल्याच देशात फार आधी पडली होती. भारताचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडूंची मुलगी चंद्रा नायडू १९७७ साली इंदूरला मुंबई विरुद्ध इंग्लंडहून आलेला एमसीसी संघ या मॅचला कॉमेंट्रीला बसली होती.

फुटबॉलमध्ये ही वाट फारच काटेरी निघाली. जॅकी ओटली नावाची बाई. स्वतः खेळायची, गुडघ्याची वाटी सरकली, खेळ सुटला. मग नोकरी सोडून पत्रकारिता शिकली, रेडिओवर मॅच सांगू लागली. २१ एप्रिल २००७ ला फुलहॅम विरुद्ध ब्लॅकबर्न ही मॅच तिला 'मॅच ऑफ द डे'साठी मिळाली. हा बीबीसीचा कार्यक्रम १९६४ पासून चालत आलेला, आणि तोवर एकाही बाईनं त्यात कॉमेंट्री केली नव्हती. मॅच म्हणावी तर लीगमधली साधी मॅच, १-१ सुटली. पण ती व्हायच्या आधीच इंग्लंडभर गदारोळ. डेव्ह बॅसेट नावाच्या जुन्या मॅनेजरनं आपला याला पूर्ण विरोध असल्याचं सांगून टाकलं. तिनं तोंड उघडायच्या आधी! मला यातलं हेच सगळ्यात जास्त लागतं. मॅच ऐकून कुणी नावं ठेवली असती तर ती टीका झाली असती.

आणि "ती पुरुषांचं फुटबॉल खेळलीये का?" हा दुसरा प्रश्न. अहो, कॉमेंट्रीला दोन खुर्च्या असतात. एकात मॅच सांगणारा, दुसऱ्यात खेळातलं बारीक उलगडून सांगणारा तज्ज्ञ. पहिल्या खुर्चीतले बहुतेक सगळे पुरुष पत्रकारितेतूनच आलेत. ज्या पीटर ड्रुरीच्या कॉमेंट्रीवर आपण जीव ओवाळून टाकतो तो कुठल्या क्लबकडून व्यावसायिक फुटबॉल खेळला? त्याला हे कुणी कधी विचारलं? तज्ज्ञाच्या खुर्चीबद्दल मात्र मी मान्य करते, पुरुषांच्या ड्रेसिंग रूममधलं वातावरण आतून सांगायला तिथं राहिलेला माणूस काही वेळा जास्त उपयोगी पडतो. पण बचावफळी का फुटली, मधल्या फळीत कुठं जागा सुटली हे समजायला ड्रेसिंग रूम लागत नाही. २०२१ साली झालेल्या युरो स्पर्धेत आयटीव्ही या ब्रिटिश वाहिनीवर एमा हेजला ज्यांनी ऐकलं त्यांना हे सांगावं लागणार नाही. चेल्सी क्लबच्या बायकांच्या टीमची ती तेव्हा कोच होती. पुढचा पास कुठं जाणार हे ती आधी सांगायची आणि बॉल खरंच तिथं जायचा.

बायका खेळल्या कमी, हेही खरंच. पण का कमी खेळल्या? १९२० च्या नाताळात लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर डिक, कर लेडीज या बायकांच्या टीमची मॅच बघायला ५३,००० माणसं आली होती. वर्षभरात, डिसेंबर १९२१ मध्ये, इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशननं आपल्या क्लबांच्या मैदानांवर बायकांना खेळायला बंदी घातली. ती उठायला पन्नास वर्षं गेली. आधी मैदान काढून घ्यायचं आणि मग विचारायचं, तू खेळलीस कुठं?

जर्मनीत क्लाउडिया नॉयमानच्या वाट्याला याहून वाईट आलं. २०१६ च्या युरोत वेल्स-स्लोव्हाकिया मॅच तिनं झेडडीएफ वाहिनीवर सांगितली. पुरुषांच्या एवढ्या मोठ्या स्पर्धेत जर्मन टीव्हीवर ती पहिलीच. २०१८ च्या वर्ल्ड कपला तिच्यावर इतकी गलिच्छ शिवीगाळ झाली की वाहिनीनं दोघांविरुद्ध फौजदारी तक्रार केली. नॉयमानच्याही चुका झाल्या असतील, कुणाच्या होत नाहीत? पुरुष चुकला तर 'आज याचा दिवस नव्हता' म्हणतात. बाई चुकली तर 'बायकांना जमत नाही'. तिच्या एका चुकीचा हिशोब सगळ्या बायकांच्या नावावर.

मला काही बायकांची कॉमेंट्री आवडत नाही, हेही सांगते. एकजण उगाच सारखी आकडे फेकते, दुसरी खेळ संथ झाला की भरकटते. पण अशा पुरुषांना तर मी वीस-वीस वर्षं ऐकत आलेय. ते पहिल्या वर्षी सुमार होते, पाचव्या वर्षी बरे झाले, दहाव्या वर्षी चांगले. त्यांना तेवढी वर्षं मिळाली. माझं मागणं तेवढ्याच वर्षांचं आहे. पहिल्याच दिवशी ड्रुरीच्या तोडीची बाई कुठून आणायची?

माझ्यापुरतं सांगायचं तर मला एक हाफ मिळाला होता. गाव आणि मंडळ सांगत नाही. जिल्ह्यातली एक छोटी स्पर्धा, नेहमी माइकवर असणाऱ्या काकांचा घसा बसलेला. ओळखीच्या एकानं माझं नाव सुचवलं. आदल्या रात्री दोन्ही टीमची यादी वहीत उतरवून घेतली, नंबर, नाव, शिवाय ओळखायची खूण. 'डावा पाय', 'लाल बूट', 'मोजे खाली'. पहिला हाफ सांगितला. तिसऱ्या मिनिटाला मागून कुणीतरी ओरडलं, "वहिनी, हळदीकुंकू कधी?" हशा पिकला. मी वहीकडे बघितलं आणि बोलत राहिले. पस्तीस मिनिटांत एकही नाव चुकलं नाही.

हाफ टाइमला संयोजक आले. माणूस सज्जन, बोलणं गोड. "ताई, छान झालं हो. पण लोकांना सवय नाही." काकांनी गरम पाणी पिऊन माइक घेतला. मी वही घेऊन कठड्यापाशी जाऊन बसले. शेवटच्या पाच मिनिटांत गोल झाला. मोजे खाली, म्हणजे सात नंबर, मला लांबूनही दिसलं. काकांनी सतरा नंबरचं नाव घेतलं, आणि मैदानावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.