खुलासा: समई रात्रभर चिंचेत ठेवू नका

‘पितळ रात्रभर चिंचेच्या पाण्यात ठेवा, सोन्यासारखं निघेल’ असा मेसेज नागपुरात फिरतोय. तो चूक आहे. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आंबटात तासन्‌तास राहिलं की जस्त आधी विरघळतं, कडांवर गुलाबी डाग उरतात. लिटरभर कोमट पाण्यात चमचाभर सायट्रिक ॲसिड, ५ ते १० मिनिटं, बास. मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढून साध्या पाण्यानं धुवा आणि लगेच सुती कापडानं पुसा; बोअरचं पाणी वाळलं की पांढरे ठिपके राहतात.

अमोनियावाला क्लीनर तर मुळीच नको. भारतात ब्रिटिश फौजेची तबेल्यात ठेवलेली पितळी काडतुसं पावसाळ्यात तडकत. घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि धातूतला ताण, हे कारण १९२१ मध्ये उलगडलं.