नाव लिहा, कारण नको

काल रात्री आमच्या प्रार्थनेच्या ग्रुपवर एका प्रसिद्ध कलाकाराचा प्रार्थना विषय आला. ‘यांच्यासाठी कळकळीने प्रार्थना करा’ एवढं एक वाक्य आणि त्याखाली पाच फोटो. डोळे सुजलेले, केस विस्कटलेले, गाडीतून उतरताना तोल गेलेला. मग बातमीची लिंक आली. मग कुणी विचारलं, नक्की घेतो तरी काय तो? लगेच दुसऱ्यानं बायको सोडून गेल्याची खबर पुरवली. तासाभरात चाळीसेक मेसेज झाले. त्यात खरोखर प्रार्थना लिहिलेले तीन होते. माझे दोन होते, आणि ते त्या तिनांतले नव्हते. रात्री झोप लागली नाही, म्हणून हे लिहिते आहे.

आमच्या प्रार्थनासभेत एक आजी होत्या. त्यांच्या बायबलमध्ये एक पातळ वही ठेवलेली असायची. पानावर शिसपेन्सिलीनं आखलेले दोनच रकाने, नाव आणि तारीख. कुणी आजारी, कुणाची नोकरी गेलेली, कुणाच्या घरात भांडणं, सगळे त्याच दोन रकान्यांत. 2007 च्या फेब्रुवारीत अमेरिकी पॉप गायिका ब्रिटनी स्पिअर्सनं एका सलूनमध्ये जाऊन स्वतःच्या हातानं डोकं भादरलं. काचेबाहेर फोटोग्राफरांची झुंबड होती आणि ते फोटो जगभर गेले. मीही ते आजींना दाखवले, आणि खरं सांगायचं तर गंमत म्हणूनच दाखवले. आजींनी फोटोकडे क्षणभर पाहिलं आणि विचारलं, “नाव काय गं पोरीचं?” वही काढली, नाव लिहिलं, तारीख घातली. मी म्हटलं, “आजी, पण हिच्यासाठी तुम्ही मागणार काय?” त्या म्हणाल्या, “मी कशाला सांगू त्याला काय करायचं ते? मी नाव घेऊन जाते. पुढचं तो बघतो.”

तेव्हा मला ते भोळेपण वाटलं होतं.

पुढच्याच वर्षी, 2008 मध्ये, कोर्टानं ब्रिटनीचं आयुष्य आणि पैसा वडिलांच्या ताब्यात दिला. माझ्यासारख्या कितीतरी जणांना हायसं वाटलं. चला, पोरगी सुरक्षित हातांत आली, प्रार्थना ऐकली गेली! हा ताबा जवळजवळ 14 वर्षं टिकला. त्या काळात ती अल्बम काढत होती, लास वेगासमध्ये वर्षानुवर्षं रंगमंचावर नाचत होती, आणि स्वतःच्या निर्णयांवर मात्र तिचा हक्क नव्हता. 23 जून 2021 ला ती कोर्टासमोर बोलली. मनाविरुद्ध काम करायला लावलं, मनाविरुद्ध औषधं दिली, मला माझं आयुष्य परत हवंय, असं तिनं सांगितलं. 12 नोव्हेंबर 2021 ला तो ताबा संपला. म्हणजे ज्याला मी प्रार्थनेचं उत्तर म्हणत होते, तेच तिचं ओझं होतं.

बायबलमध्ये प्रेषित पौलानं रोमकरांस लिहिलंय की आपण कशी प्रार्थना करावी हे आपल्याला ठाऊक नाही, पण आत्मा आपल्यासाठी मध्यस्थी करतो. ही ओळ मी शेकडो वेळा वाचली असेल. पण तिचा अर्थ मला 2021 मध्ये, आजींचा तो रिकामा न ठेवता मुळातच न आखलेला ‘कारण’ हा तिसरा रकाना आठवल्यावर कळला. आपण ज्या माणसाला कधी भेटलो नाही, ज्याच्याबद्दलची आपली सगळी माहिती विकाऊ बातम्यांतून आलेली असते, त्याला काय हवंय हे देवाला आपण कोणत्या तोंडानं सांगायचं?

आणि तरीही प्रार्थना करायचीच. 2 राजे 5 मधला नामान आठवा. अरामच्या राजाचा सेनापती, पराक्रमी, राजाच्या मर्जीतला, पण कोडी, म्हणजे कुष्ठरोगी. आज त्याला सेलिब्रिटीच म्हटलं असतं. त्याच्या घरात इस्राएलातून पकडून आणलेली एक लहान मुलगी होती, त्याच्या बायकोची दासी. त्याचा रोग तिला रोज जवळून दिसत असणार. तिच्या लोकांवर छापे घालून तिला धरून आणलेलं, त्यामुळे तिनं मनातल्या मनात ‘बरं झालं’ म्हटलं असतं तरी कुणी दोष दिला नसता. पण ती मालकिणीला म्हणते, माझे धनी शोमरोनातल्या संदेष्ट्याकडे असते तर किती बरं झालं असतं, त्यानं त्यांचं कोड बरं केलं असतं. शास्त्रात तिचं नावही नाही. मोठ्या माणसाचं दुखणं माहीत असूनही त्याची चव न घेता त्याचं भलं चिंतणारी मुलगी! मध्यस्थी म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर तीच येते.

‘फ्रेंड्स’ या अमेरिकी मालिकेतला नट मॅथ्यू पेरी, त्याच्याबद्दलही मी पुष्कळ विचार केलाय. त्यानं स्वतःच सांगितलं होतं की तरुणपणी, ते काम मिळण्याआधी, त्यानं गुडघे टेकून देवाकडे मागितलं होतं, माझं काहीही कर पण मला प्रसिद्ध कर. प्रसिद्धी आली, भरभरून आली, आणि व्यसनही. 28 ऑक्टोबर 2023 ला लॉस एंजेलिसमधल्या घरी तो गेला, 54 व्या वर्षी. केटामिन या भुलीच्या औषधानं. पुढच्या ऑगस्टमध्ये पाच जणांवर आरोप ठेवले गेले. त्यात दोन डॉक्टर होते, आणि त्याचा रोजचा सहायकही. हे वाचून मी हादरले. मार्कच्या दुसऱ्या अध्यायात चार माणसं पक्षघाती मित्राची बाज उचलून नेतात, छप्पर उसकटतात आणि त्याला येशूपुढे खाली सोडतात. प्रसिद्ध माणसाभोवती चाळीस माणसं असतात, पण बाज उचलणारे चार असतात का? बहुतेकांचं पोट त्याच्यावर चालतं, त्यामुळे ‘नाही’ कोण म्हणणार? म्हणून आता मी नावानंतर एक गोष्ट मागते, एवढीच. प्रभू, याच्याजवळ नाही म्हणणारा एक माणूस ठेव.

इथे एक गोष्ट ठासून सांगते. व्यसन हा आजार आहे. नैराश्यही आजार आहे. ‘डॉक्टर सोडा, विश्वास धरा’ असं कुणी प्रार्थनेच्या नावाखाली सांगत असेल तर ते ऐकू नका. शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता.

आणि प्रार्थना केली की माणूस वाचतोच, असंही मी म्हणणार नाही. अमेरिकी गायिका व्हिटनी ह्यूस्टन न्यूअर्कच्या न्यू होप बाप्टिस्ट चर्चच्या गायनवृंदात लहानाची मोठी झाली. तिच्यासाठी प्रार्थना करणाऱ्यांची काय कमी असणार? ती 11 फेब्रुवारी 2012 ला 48 व्या वर्षी गेली आणि आठवडाभरानं त्याच चर्चमध्ये तिचा अंत्यविधी झाला. माझ्याकडे याचं उत्तर नाही. आपला मित्र लाजर याच्या कबरेजवळ येशू रडला, एवढंच मला धरून ठेवता येतं.

कुणी विचारतं, एवढी गरीब माणसं रडत असताना या कोट्यधीशांसाठी कशाला? प्रार्थना काही मोजूनमापून वाटायची नसते, ती एकाला दिली म्हणून दुसऱ्याची कमी होत नाही. येशूला बघायला झाडावर चढलेला जकातदार जक्कय श्रीमंतच होता, वर लोकांच्या तिरस्काराचा धनी. येशूनं झाडाखाली थांबून त्याला नावानं हाक मारली.

मला खरी भीती वेगळीच वाटते. एखादा कलाकार सावरतो, विश्वासाबद्दल दोन शब्द बोलतो, की आपण त्याला ताबडतोब साक्ष द्यायला स्टेजवर उभं करतो. पोस्टर छापतो, व्हिडिओ फिरवतो. म्हणजे ज्या झोतानं त्याला जाळलं, तोच झोत आपण पुन्हा त्याच्यावर सोडतो, फक्त या वेळी चर्चमधून. मंडळीचा अध्यक्ष नवशिका नसावा, असं पौल तीमथ्याला बजावतो. तो नियम याही माणसाला लावा. मागच्या बाकावर बसू द्या त्याला. दोन वर्षं, पाच वर्षं, कुणीही सेल्फी न मागता.

आजी आता नाहीत. 2021 च्या त्या नोव्हेंबरमध्ये मी त्यांना फोन करून सांगितलं होतं, आजी, तुमची ब्रिटनी सुटली. त्या म्हणाल्या, “थांब, वही काढते.” मला वाटलं नाव खोडतील. पलीकडून पानं उलटल्याचा आवाज आला, मग त्यांनी विचारलं, “आज तारीख काय?” नावापुढे त्यांनी नवी तारीख घातली.

हे वाचताना तुमच्या मनात कुणाचं नाव आलं असेल, तर कृपा करून ते खाली कमेंटमध्ये लिहू नका.