चढ न्हाई, खरं...

आमच्या बेळगावात 'पण'ला 'खरं' म्हणतात. "येतो खरं उशीर होईल", "जेवलोय खरं चहा चालतंय" असं. बाहेरची माणसं गोंधळतात ते ठीक आहे, मी तर जन्मापासून इथला, तरी तीन दिवसांच्या सायकल टूरला फसलो ते ह्याच शब्दाला. कॅप्टन म्हणाला होता, "चढ काय न्हाई गा, खरं..." आणि पुढचं न ऐकताच मी पैसे भरून मोकळा.

गोव्याला जाताना चोर्ला घाट उतरायचा होता, तेव्हा मी राजा. ब्रेक दाबून बोटं आखडली तेवढीच. दुसऱ्या रात्री जेवताना कुणीतरी सहज म्हटलं की बेळगाव 750 मीटरवर आहे आणि आपण आता जवळजवळ समुद्राच्या पातळीला, आणि माझ्या हातातला बांगडा हातातच राहिला.

तिसऱ्या दिवशी पहाटे घाटाच्या पायथ्याच्या केरीहून परत निघालो. अंजुणे धरणापर्यंत बारा जणांच्या गप्पा, फोटो, एकमेकांच्या सायकलींच्या किमती. मग घाट लागला आणि सगळे एकदम मौनात गेले. वळण आलं की वाटायचं हे शेवटचं, वळून बघावं तर पुढं आणखी एक, त्यात मागून लोड ट्रक घरघरत येणार आणि जाताना तोंडावर धूर सोडणार. सगळ्यात हलका गिअर कधीच टाकला होता तरी अंगठा आपला अजून एखादा सापडतोय का बघत होता. पॅडवाली चड्डी घेताना दुकानदार म्हणाला होता दिवसभर चालवा, काही होत नाही. त्याला काही झालं नसेल, होय.

अर्ध्या घाटात बाटली संपली. म्हादई नदीच्या पाण्यावरून गोवा आणि कर्नाटक एवढी वर्षं भांडताहेत आणि मी त्याच डोंगरात घोटभर पाण्याला महाग!

चोर्ल्याला वर टेकलो तोवर कॅप्टनचा फोन. "आलास न्हवं वर? आता उतारच हाय." बेळगाव अजून 50 किलोमीटरच्या वर, आणि रस्ता नुसता वर-खाली, वर-खाली.

कणकुंबीत चहाला थांबलो. टपरीवाल्या मावशी म्हणाल्या, "काय ओ, बस चुकली काय?"

"न्हाई ओ मावशी, हौस."

"हौस?" त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं, चहात एक चमचा साखर जास्त घातली आणि पैसे घेतले नाहीत. म्हणजे काय अवतार असेल बघा. मलप्रभा ह्याच गावात उगम पावते आणि इथून पूर्वेला उतरत कृष्णेला जाऊन मिळते. नदीला कळतं कुठल्या बाजूनं जायचं ते.

जांबोटीच्या अलीकडं मांड्यांनी संप केला. मागून आमचा सपोर्ट टेम्पो आला. लाज केव्हाच केरीला सोडून आलो होतो, दोन्ही हात वर करून आडवा झालो. टेम्पो थांबला, ताडपत्री बाजूला झाली. आत केळ्यांच्या घडाला टेकून कॅप्टन बसलेला, पायाला बाम चोळत.

"दमलास काय गा? ये की आत, जागा हाय," तो म्हणाला. मी एक पाय वर टाकलासुद्धा.

"खरं," तो म्हणाला, "सायकलीला न्हाई."